दिवे घाट आणि दौंडजची खिंड यांच्यामधली कऱ्हा

आषाढी वारीत माउलींची पालखी हडपसर सोडून दिवे घाट चढते आणि सासवडला मुक्कामी येते. तिथून जेजुरी, मग दौंडजची खिंड, वाल्हे आणि नीरा. वारकरी हा रस्ता वर्षानुवर्षे चालतात, पण या चालीत ते दोनदा पाणी वाटणारी डोंगरधार ओलांडतात, हे सहसा कुणी बोलून दाखवत नाही. दिवे घाटाच्या माथ्यावर उत्तरेला पडलेलं पावसाचं पाणी मुळा-मुठेला जातं. दौंडजच्या खिंडीपलीकडे पडलेलं पाणी थेट नीरेला जातं. या दोन धारांच्या मध्ये जे पडतं ते सगळं कऱ्हा नदीचं.

पुणे-मिरज रेल्वेनेही हेच दिसतं. शिंदवणे, आंबळे या बाजूने गाडी डोंगर चढून वर येते, राजेवाडीनंतर कऱ्हेवरचा पूल ओलांडते, जेजुरीला थांबते आणि दौंडजपाशी दुसरी धार पार करून नीरेच्या खोऱ्यात उतरते. खिडकीशी बसलेल्या माणसाला अख्ख्या खोऱ्याची रुंदी थोड्या वेळात नजरेखालून घालता येते. कऱ्हा समजून घ्यायची तर हे आडवं दृश्य आधी मनात बसवावं. नुसतं पात्र पाहिलं तर ही नदी कळत नाही. वर्षातले बरेच महिने त्या पात्रात पाहण्यासारखं पाणीच नसतं.

कऱ्हा ही नीरेची उपनदी. नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कऱ्हेचा उगम पुरंदर तालुक्यात गराड्याच्या परिसरातल्या डोंगरांत होतो आणि बारामती तालुक्यात सोनगावजवळ ती नीरेला मिळते. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर हे अंतर सुमारे ८५ किलोमीटर भरतं. वळणं धरली तर प्रवास शंभराच्या पुढे जातो. संपूर्ण नदी पुणे जिल्ह्यातच, तीही मुख्यतः दोन तालुक्यांत. इतक्या लहान नदीच्या काठी सासवड, जेजुरी, मोरगाव आणि बारामती अशी चार नावाजलेली ठिकाणं आहेत. जुन्या कागदपत्रांत या भागाला कऱ्हेपठार म्हणतात. नदीच्या नावाने पठार ओळखलं जावं, ही छोट्या नदीसाठी मोठी गोष्ट आहे.

दोन रांगांमधली पन्हळ

सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे काही फाटे फुटतात. त्यांतला सिंहगडाकडून निघालेला एक फाटा बोपदेव घाट, दिवे घाट, मल्हारगड असं करत भुलेश्वरापर्यंत जातो. ही कऱ्हेच्या खोऱ्याची उत्तर भिंत. दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगड ज्या डोंगरावर उभे आहेत ती रांग. पुरंदरच्या उत्तर उतारावरचं पाणी कऱ्हेला येतं, दक्षिण उतारावरचं नीरेकडे जातं. दोन्ही रांगा साधारण पूर्व-आग्नेय दिशेला जातात, म्हणून मधली नदीही तिकडेच वाहते. घराच्या दोन छपरांमध्ये पन्हळ असते तसं हे खोरं. फरक इतकाच की पन्हळीचं पश्चिमेकडचं तोंड उंच आणि अरुंद आहे आणि पूर्वेकडे ती पसरट होत जाते. जेजुरीच्या पुढे दोन्हीकडचे डोंगर बुटके होतात आणि मोरगावच्या पलीकडे तर माळच माळ.

दिवे घाट चढून गेल्यावर पलीकडे तेवढाच उतार लागत नाही, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. कारण कऱ्हेचं खोरं पुण्यापेक्षा बरंच उंचावर आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तर सासवड साडेसातशेच्या आसपास. बारामती साडेपाचशेच्या आत-बाहेर. म्हणजे सासवडपासून बारामतीपर्यंत नदी साधारण दोनशे मीटर खाली उतरते, किलोमीटरला दोन-तीन मीटर. हा उतार डोंगरी ओढ्याच्या मानाने कमी आणि मैदानी नदीच्या मानाने बराच आहे. पूर आला की पाणी वेगाने निघून जातं, साचून राहत नाही, त्याचं हे एक कारण.

उंचीचा दुसरा परिणाम सिंचनावर होतो. पुण्याच्या पश्चिमेच्या धरणांचं पाणी कालव्याने, गुरुत्वाने, या पठारावर येऊ शकत नाही. ते पंपांनी उचलूनच आणावं लागतं. पुरंदर उपसा सिंचन योजना नेमकं हेच करते. मुळा-मुठेचं पाणी भुलेश्वर रांगेच्या उत्तरेकडून उचलून धारेच्या या बाजूला सोडते. निसर्गाने उत्तरेला दिलेलं पाणी विजेच्या जोरावर दक्षिणेला येतं. वीजबिल थकलं, पंप नादुरुस्त झाला किंवा आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) लांबलं, तर पीक सुकतं. उपसा योजनेचं पाणी आणि पाटाचं पाणी यांत शेतकरी फरक करतो तो यामुळे.

पाऊस: डोंगराच्या मागची बाजू

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपलं बहुतेक ओझं उतरवतात. पूर्वेला उतरताना हवा कोरडी होत जाते. या पर्जन्यछायेत कऱ्हेचं जवळजवळ सगळं खोरं येतं. उगमाकडच्या डोंगरांवर पाऊस बरा असतो. पूर्वेला सरकावं तसा तो कमी होत जातो आणि बारामतीकडे वर्षाची सरासरी साडेचारशे ते पाचशे मिलिमीटरच्या घरात येते. कोकणात एवढा पाऊस जुलैतल्या एखाद्या आठवड्यात पडून जातो.

पण सरासरीचा आकडा इथे फसवा आहे. जून ते ऑगस्ट इथे बुरबुर असते. वारा खूप, पाणी कमी. खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरमध्ये येतो, दुपारनंतर ढग दाटून, कडकडाट करत. शेतकऱ्याच्या भाषेत उत्तरा आणि हस्ताचा पाऊस. ज्वारीची पेरणी, विहिरींचं पाणी, तलाव भरणं हे सगळं त्याच्यावर अवलंबून. आणि कऱ्हेचे मोठे पूरही बहुधा त्याच दिवसांत. वर्षभराचं पाणी चार-पाच दिवसांत आणणारी ही नदी आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच काही उलगडतं.

उगम ते जेजुरी

गराड्याजवळ कऱ्हा म्हणजे दगडगोट्यांतून उड्या मारणारा ओढा. तिथेच धरण बांधून पाणी अडवलं आहे आणि सासवडच्या पिण्याच्या पाण्याची बरीच भिस्त त्यावर आहे. पुढे सासवडशी बोपदेव घाटाच्या बाजूने चांबळीकडून येणारी भोगावती तिला मिळते. या संगमावर संगमेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ आहे. नारायणपूरच्या रस्त्यावर, नदीकाठीच, चांगावटेश्वर. सोपानकाकांची समाधीही सासवडचीच. जुन्या देवळांच्या जोत्यांची उंची आणि घाटाच्या पायऱ्या नीट पाहाव्यात. बांधणाऱ्यांनी पुराचं पाणी कुठवर येतं याचा अंदाज घेऊन उंची ठरवलेली दिसते. आजची अनेक बांधकामं त्या अंदाजापेक्षा खाली आहेत.

सासवडनंतर नदी खळद, बेलसर, कोथळे या गावांच्या शिवारातून जाते. हा अंजीर आणि सीताफळाचा पट्टा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथली जमीन मुरमाड, पाण्याचा निचरा चांगला, हवा कोरडी, आणि अंजिराला हेच मानवतं. मुळाशी पाणी साचलं तर झाड कुजतं, पण फळ भरताना पाणी तुटलं तर फळ बारीक राहतं. मीठा बहाराची फळं उन्हाळ्यात येतात, म्हणजे नदी कोरडी असते नेमक्या त्या वेळी बागेला पाणी हवं असतं. ते येतं विहिरीतून किंवा शेततळ्यातून. विहिरीत ते कुठून येतं, ते पुढे पाहू.

जेजुरी गाव नदीला लागून नाही, थोडं दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी आहे. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गडावरून उतरते आणि कऱ्हेवर स्नानाला जाते. लाखोंची गर्दी, भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट. अमावस्या उन्हाळ्यात आली आणि पात्र कोरडं असलं, तर देवाच्या स्नानासाठीही वरून पाणी यावं लागतं, इतकी ही नदी पावसाच्या स्वाधीन आहे.

नाझरे धरण आणि साधा हिशेब

जेजुरीच्या पूर्वेला, मोरगावच्या रस्त्याकडे, कऱ्हेवर नाझरे धरण आहे. मल्हारसागर हे त्याचं दुसरं नाव. साठा सुमारे पाऊण टीएमसी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, मेट्रिकमध्ये सुमारे २.८३ कोटी घनमीटर. कऱ्हेवरचा हा सगळ्यात मोठा साठा. जेजुरी, मोरगाव आणि आजूबाजूच्या अनेक गावांचं पिण्याचं पाणी यावरच. पण उजनीसारख्या शंभर टीएमसीहून मोठ्या धरणाच्या शेजारी ठेवलं तर हे मडक्यापुढचं फुलपात्र. आणि नेमकी इथेच लोकांची समजूत चुकते.

हिशेब मांडून पाहू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. नाझऱ्याच्या वरचं खोरं सुमारे तीस किलोमीटर लांब आणि तेरा-चौदा किलोमीटर रुंद धरलं तर ढोबळमानाने ४०० चौरस किलोमीटर होतं. त्यावर जूनमध्ये १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर कोरडी जमीन, भेगा, ताली आणि बांध त्यातलं बहुतेक पिऊन टाकतात. दहा टक्के वाहून आलं असं समजू. म्हणजे ४० लाख घनमीटर, जेमतेम ०.१४ टीएमसी. धरणाचा पाचवा हिस्साही भरत नाही.

तोच १०० मिलिमीटर पाऊस सप्टेंबरअखेर एका रात्रीत पडला, तर जमीन आधीच ओली असते. निम्मं पाणी वाहून येतं असं धरलं तर दोन कोटी घनमीटर, म्हणजे ०.७ टीएमसी. जवळजवळ अख्खं धरण, एका रात्रीत. आणि सप्टेंबरअखेर धरण आधीच भरत आलेलं असेल, तर हे सगळं पाणी तसंच पुढे जाणार. जागाच नाही, तर अडवणार कुठे?

दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. साडेअकरा हजार क्युसेकचा (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी होतो. हे समीकरण पाठ करून ठेवावं, बातमीतला कुठलाही आकडा त्याने तपासता येतो. ५० हजार क्युसेकचा लोंढा आला तर पाऊण टीएमसीचं रिकामं धरणसुद्धा चार तासांच्या थोड्या पुढे भरून जातं. नाझऱ्याला स्वयंचलित दरवाजे आहेत. पातळी ठरावीक उंचीच्या वर गेली की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात. म्हणून ‘धरणातून पाणी सोडलं आणि पूर आला’ हे वाक्य इथे अर्धवट आहे. वरून जेवढं आलं तेवढंच धरणाने पुढे जाऊ दिलं, असं म्हणणं जास्त बरोबर. लहान धरण टंचाईत आधार देतं. मोठा पूर थांबवणं त्याच्या आवाक्यात नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हे सगळं घडलं. पुण्यात कात्रजच्या बाजूला आंबिल ओढ्याने हाहाकार केला तो हाच दिवस. त्याच ढगांनी डोंगराच्या या बाजूलाही पाणी ओतलं. पुरंदरमध्ये ओढ्यांनी माणसं, जनावरं, पूल, पिकं नेली. नाझरे धरण ओसंडून वाहिलं आणि बारामतीत नदीकाठच्या वस्त्यांमधून हजारो लोकांना रातोरात हलवावं लागलं. वर्षानुवर्षे कोरडं पात्र पाहत आलेल्यांना ही नदी एवढी पसरू शकते यावर विश्वास बसत नव्हता.

पांडेश्वर, मोरगाव आणि राखेचा थर

धरणाच्या खाली पांडेश्वर लागतं, मग मोरगाव. अष्टविनायकांतला पहिला गणपती मयूरेश्वर तो इथला. नदीच्या नावाची गोष्टही याच भागात सांगतात. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि त्यातून नदी वाहिली, म्हणून ती कमंडलू गंगा. लग्नात करवली हातात धरते तो करा म्हणजे तोटीचं पाण्याचं भांडं, त्यावरून कऱ्हा. पांडेश्वरला हीच कथा पांडवांच्या यज्ञाला जोडून सांगतात. छोट्या भांड्यातून सांडलेलं पाणी, ही कल्पना नदीच्या आकाराला चपखल बसते.

भूगर्भाच्या दृष्टीने मोरगाव फार मोलाचं आहे. खोऱ्याचा पाया दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून तो झाला. त्या पाषाणावर नदीने लाखो वर्षांत गाळ, वाळू आणि गोटे आणून टाकले. मोरगावजवळ नदीने स्वतःच कापलेल्या दरडींमध्ये हे थर उघडे पडलेले दिसतात. त्यांत एक फिकट, पिठासारखा थर ज्वालामुखीच्या राखेचा आहे. महाराष्ट्रात इतक्या अलीकडे ज्वालामुखी नव्हता. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची असल्याचं तिच्या रासायनिक तपासणीवरून मानलं जातं. कुकडी नदीवर बोरीलाही असा थर सापडला आहे. तोबाचा सगळ्यात मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला, पण त्याआधीही तो फुटला होता. त्यामुळे इथली राख नेमकी कोणत्या उद्रेकाची, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. याच गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही मिळाली आहेत. राखेचं वय ठरलं की हत्यारांच्या वयाचा अंदाज बांधता येतो, म्हणून या वादाला इतकं महत्त्व आहे.

म्हणूनच मोरगावच्या आसपास पात्रातली वाळू आणि काठची माती खरवडणं म्हणजे पाण्याचं नुकसान तर आहेच, शिवाय न वाचलेली पोथी जाळण्यासारखं आहे. एकदा थर विस्कटला की तो पुन्हा लावता येत नाही.

कोरड्या नदीतलं पाणी

पात्र कोरडं दिसतं तेव्हा नदी संपलेली नसते. ती वाळूच्या खाली असते. एक घनमीटर स्वच्छ वाळूतून दीडशे ते दोनशे लिटर पाणी निथळून मिळू शकतं. तेवढ्याच मुरमाड, भेगाळलेल्या पाषाणातून दहा ते तीस लिटर. अखंड काळ्या पाषाणातून जवळजवळ काहीच नाही. विहीर खणणारे याला आपल्या शब्दांत सांगतात: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (ठिपकेदार मऊ खडक) लागला तर झरे, आणि काळा पाषाण लागला की थांबा. दोन लाव्हा-थरांच्या सांध्यात कुठे कुठे तांबडा गेरूचा पट्टा लागतो. तो पाणी खाली मुरू देत नाही, त्यामुळे त्याच्या वरच झरे फुटतात.

आता वाळू उपसल्यावर काय होतं ते बघा. पावसाळ्यात पात्रातून पाणी जातं तेव्हा वाळू भिजून स्पंजासारखी भरते. नदी आटली की तेच पाणी हळूहळू काठच्या विहिरींकडे झिरपतं. अंजिराच्या बागेला मार्चमध्ये मिळणाऱ्या पाण्याचं एक मूळ इथे आहे. दोन मीटर जाडीचा, पन्नास मीटर रुंद वाळूचा पट्टा एक किलोमीटर लांब असेल, तर तो एक लाख घनमीटर वाळू धरतो आणि दीड ते दोन कोटी लिटर पाणी देऊ शकतो. दर पावसाळ्यात पुन्हा भरणारी, बाष्पीभवन जवळपास नसलेली, फुकटची टाकी. वाळू गेली की पूर थेट पाषाणावरून निसटतो, मुरायला वेळच मिळत नाही आणि काठच्या विहिरी जानेवारीतच तळ गाठतात. वर खड्ड्यांमुळे प्रवाह काठाला ठोकरू लागतो आणि शेतं ढासळतात.

पात्रातला दुसरा शत्रू वेडी बाभूळ. कोरड्या पात्रात ती माजते, तिच्या मुळाशी गाळ अडतो, बेटं तयार होतात आणि पुराला जायची वाट अरुंद होते. तोडून भागत नाही, बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. खोडासकट उपटावी लागते आणि पुढची दोन-तीन वर्षं रोपं काढत राहावं लागतं.

पाणी अडवण्यासाठी कऱ्हेवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांब, मधे मोकळे गाळे. पावसाळ्यात गाळे उघडे, म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो. पाऊस संपला की खांबांच्या खाचांत लोखंडी ढापे, म्हणजे फळ्या, एकावर एक बसवायचे आणि मागे पाणी साठवायचं. जून लागायच्या आत ढापे काढायचे. कल्पना साधी आहे, पण बिघडते ती वेळेवर. ढापे सप्टेंबरमध्येच बसवले आणि हस्ताचा पूर आला, तर पाण्याला वाट नसते. ते बंधाऱ्याला वळसा घालून काठ फोडतं आणि दुसऱ्या दिवशी बंधारा एकीकडे, नदी दुसरीकडे. ऑक्टोबर उलटून बसवले तर अडवायला पाणीच उरत नाही. कऱ्हेवर ही निवड अवघड आहे कारण पूर आणि साठवणीचा हंगाम एकच. ज्या गावांनी रोजचा पाऊस आणि नाझऱ्याची पातळी पाहून, खालचे ढापे आधी आणि वरचे मागाहून असं टप्प्याटप्प्याने बसवायची शिस्त ठेवली, त्यांचं पाणी टिकतं. बाकी बिघाड ठरलेले: रबरी पट्टी फाटली की फटींतून गळती, गंजलेले किंवा वाकलेले ढापे खाचेत न बसणं, आणि ढापे चोरीला जाणं. बसवताना सांध्यात काळी माती ठासून भरली तर गळती बरीच थांबते.

नदी किती वाहते, हे स्वतः मोजायचं असेल तर

शाळेतल्या मुलांना घेऊनही हे करता येतं, फक्त पाणी गुडघ्याच्या खाली असताना. पात्र सरळ आहे अशी वीस मीटरची लांबी निवडा. दोन टोकांना दोरी आडवी बांधा. रुंदी मोजा. दर मीटरवर काठी घालून खोली घ्या आणि सरासरी काढा. मग वरच्या दोरीपासून संत्र किंवा अर्धवट भरलेली बाटली सोडा आणि खालच्या दोरीपर्यंत यायला किती सेकंद लागले ते पाहा. पाच वेळा करा. पृष्ठभागावरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा जलद वाहतं, म्हणून आलेल्या वेगाला (वीस मीटर भागिले सेकंद) ०.८५ ने गुणायचं. मग रुंदी, खोली आणि हा वेग यांचा गुणाकार. रुंदी १० मीटर, खोली ०.४ मीटर आणि वीस मीटरला ४० सेकंद लागले, तर प्रवाह १.७ घनमीटर प्रतिसेकंद. त्याला ३५.३ ने गुणलं की क्युसेक, म्हणजे ६०. हिरवी बाटली वापरू नका, दिसत नाही. आणि वाळू उपसलेल्या जागी कधीच उतरू नका, एका पावलावर गुडघाभर तर दुसऱ्यावर दोन पुरुष खोल असू शकतं.

बारामती आणि नीरेचा संगम

मोरगावनंतर नदी तरडोली, कऱ्हाटी, अंजनगाव, कऱ्हावागज अशी गावं घेत जाते. दोन गावांच्या तर नावातच ती आहे. हा बारामती तालुक्याचा जिरायती पट्टा. बाजरी, ज्वारी, जनावरं आणि टँकर. पण दक्षिणेला थोडं गेलं की नीरेचा डावा कालवा येतो आणि चित्र पालटतं. ऊस, हिरवंगार शिवार, बारमाही पाणी. हा इंग्रजी काळातला कालवा वीरपासून नीरेच्या डाव्या अंगाने बारामतीवरून इंदापूरकडे जातो आणि वाटेत कऱ्हेला ओलांडतो. एकाच तालुक्यात दोन नद्यांची दोन नशिबं. नीरा भोरच्या पावसाळी सह्याद्रीतून येते आणि तिच्यामागे भाटघरसारखी मोठी धरणं आहेत. कऱ्हेच्या मागे आहेत कमी पावसाचे बोडके डोंगर.

बारामती शहर कऱ्हेच्या काठी वाढलं. कवी मोरोपंत याच काठी राहिले. शहरात नदीकाठी घर किंवा दुकान घेणाऱ्याने पूररेषा पाहणं फार गरजेचं आहे. नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की पुढची चोवीस वर्षं बिनघोर, असा नाही. दरवर्षी शंभरात चार शक्यता, एवढाच अर्थ. पंचवीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर ते फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता ६४ टक्के होते.

नाझऱ्यापासून बारामतीपर्यंत नदीची वाट पन्नास किलोमीटरच्या आसपास. पुराची लाट सेकंदाला दोन मीटर या वेगाने आली तर सुमारे सात तास लागतात. मोठा पूर याहून जलद येतो, आणि मधल्या ओढ्यांचं पाणी तर आधीच पोचतं. म्हणून नाझऱ्याचा विसर्ग वाढल्याचं रात्री दहाला कळलं, तर हालचाल पहाटेसाठी ठेवू नये. जनावरं आधी सोडावीत, विहिरीवरच्या मोटारी वर काढाव्यात, वाहनं उंचावर न्यावीत. बुडालेल्या फरशी पुलावर पाणी घोट्याइतकं दिसलं तरी गाडी घालू नये. पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही.

बारामतीच्या पुढे गुणवडी, डोर्लेवाडी करत नदी सोनगावला नीरेत शिरते. इथल्या शेतकऱ्याला नाझऱ्याच्या विसर्गासोबत वीर धरणाचाही विसर्ग पाहावा लागतो. नीरेला पूर असला तर तिची पातळी कऱ्हेच्या मुखापेक्षा चढते आणि कऱ्हेचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं मागे फुगतं. मग वर पाऊस साधाच असला तरी मुखाजवळचा ऊस दोन-दोन दिवस पाण्यात राहतो. दोन्ही धरणांचे आकडे एकाच वेळी वाढत असतील, तर संगमाजवळच्या शिवारातली पाइपलाइन आणि ठिबकच्या नळ्या त्याच संध्याकाळी गुंडाळून घ्याव्यात.

पुढे नीरा, नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळते. मुळा-मुठेचं पाणीही भीमेतून, उजनीमार्गे, तिथेच येतं. दिवे घाटाच्या माथ्यावर दोन बाजूंना पडलेलं पाणी तिथे एका पात्रात येतं आणि पंढरपूरकडे जातं.